इंजिनाची तहान

संगमनेर हे प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावरचं गाव. शाहीर अनंत फंदींचं गाव म्हणून महाराष्ट्र त्याला ओळखतो. मालवाहू गाड्यांचे ड्रायव्हर मात्र या गावाला ओळखतात ते चंदनापुरीच्या घाटावरून. नाशिक-पुणे रस्त्यानं पुण्याकडे निघालं की थोड्याच वेळात हा घाट लागतो. टोमॅटो, कांदा, डाळिंबं भरलेल्या जुन्या गाड्यांची खरी परीक्षा तिथं होते. आता हा महामार्ग चौपदरी झाला आहे आणि चढणही सुसह्य झाली आहे. तरी मे महिन्याच्या दुपारी बॉनेट उघडून, वाफा सोडत कडेला उभी असलेली एखादी पिकअप अजूनही दिसते. त्या वाफेला मोठा इतिहास आहे. आज त्याविषयी थोडं बोलतो.

मित्रहो, मोटार आणि पाण्याचा डबा यांची सोबत मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासापासूनची आहे. 1888 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ या बाईंनी आपल्या दोन मुलांना सोबत घेतलं आणि नवऱ्यानं बनवलेली गाडी मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत नेली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. त्या इंजिनातलं पाणी उकळून वाफ होऊन उडून जायचं. त्यामुळे वाटेत थांबून थांबून पाणी भरावं लागे. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी 1901 च्या मर्सिडीझ गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात बारीक चौकोनी नळ्या होत्या 8070! पाणी तेच राहायचं, फक्त फिरत राहायचं आणि वाऱ्यानं निवायचं. आजच्या पिकअपमध्येही तत्त्व हेच आहे.

आपल्याकडे या कथेला नगर जिल्ह्याचा धागा आहे. आज त्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर. कुंदनमल फिरोदिया हे नगरचे, मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे चिरंजीव नवलमल फिरोदिया यांनी 1958 मध्ये हँबुर्गच्या जर्मन कंपनीच्या सहकार्यानं तीनचाकी टेम्पो बनवण्याचा उद्योग सुरू केला. 'टेम्पो' हे खरं तर एका कंपनीचं नाव. मराठी माणसानं ते प्रत्येक लहान मालगाडीला देऊन टाकलं. मागून 'मॅटाडोर' आली आणि तिनं मर्सिडीझच्या परवान्याचं डिझेल इंजिन खेडोपाडी पोचवलं. दुसरीकडे 1945 मध्ये 'महिंद्रा अँड महंमद' नावानं स्थापन झालेल्या कंपनीनं 1947 पासून जीपची जुळणी सुरू केली. गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री झाले आणि कंपनीचं नाव बदललं. जीपच्या वंशातली पिकअप मात्र शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आली.

बैलगाडीच्या काळात घाटाच्या पायथ्याशी बैलांना पाणी दाखवत. इंजिनालाही तहान असते, हे माणसं अनुभवानं शिकली. जळणाऱ्या डिझेलची साधारण एक तृतीयांश उष्णता या फिरत्या पाण्यालाच वाहून न्यावी लागते. चढावर ओझं भरपूर, गिअर खालचा, इंजिन जोरात आणि गाडीचा वेग बैलगाडीचा. समोरून वारा लागत नाही. सगळी भिस्त पंख्यावर. मग जरासा दोषही उघडा पडतो.

जुना मिस्त्री गाडी बघताना आधी एकच विचारतो, "पाणी कमी होतंय, की नुसतीच गाडी गरम होते?" पाणी पुरेसं असून गाडी तापत असेल, तर पट्टा सैल आहे का, थर्मोस्टॅट अडकलाय का, जाळीत चिखल नि भुसा भरलाय का, हे तो बघतो. पाणी कमी होत असेल, तर ते तीन वाटांनी जातं. पहिली वाट बाहेरची: चिरलेला होज पाईप, गळका वॉटर पंप, फुटका रेडिएटर. खाली ओल दिसते, नाहीतर वाळलेला पांढरा डाग. दुसरी वाट झाकणाची. हे झाकण नुसतं झाकण नाही. आतला दाब वाढला की पाणी शंभर अंशांवर उकळत नाही, एकशे पंधराच्या पुढे जातं. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेलं की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाहेर पडतं. तिसरी वाट आतली, आणि तीच घात करते.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांची जुनी पिकअप अशीच रोज दोन बाटल्या पाणी पिऊ लागली. खाली थेंब नाही. कोणी म्हणे रेडिएटर बदला, कोणी म्हणे पंप. मिस्त्रीनं सकाळी, इंजिन थंड असताना, झाकण उघडं ठेवून गाडी चालू करायला सांगितली. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबेनात. सायलेन्सरमधून पांढरी वाफ. ऑइलची पट्टी काढली, तर ऑइल दुधाच्या चहासारखं! "हेड गॅस्केट गेलंय. आता माल भरू नका," एवढंच तो बोलला. टोमॅटोचा हंगाम होता, भाव चार दिवसांचे पाहुणे. चाचांनी ठरलेला माल दुसऱ्याच्या गाडीत चढवला आणि भाड्यावर पाणी सोडलं. हेड किंचित वाकलं होतं, घासून सरळ झालं; इंजिन वाचलं. त्याच हंगामात दुसऱ्या एकानं अशीच गाडी घाटात रेटली. पिस्टन धरले, इंजिन जाम झालं. गाडी भंगारात गेली आणि गाडीमालक दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर झाला. दोघांनाही दुखणं एकच होतं. फरक पडला तो एका सकाळच्या तपासणीनं.

यात आपल्या पाण्याचाही हात आहे. आमच्याकडच्या विहिरींचं, बोअरचं पाणी जड. तपेल्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. म्हणून कूलंट नि शुद्ध पाणी यांचं मिश्रण घालायचं. कूलंट गंज रोखतं. पण ते चवीला गोड आणि विषारी असतं. मुलं, कुत्री, गुरं यांच्यापासून ते लांब ठेवायला हवं.

या इतिहासातलं एक पान मात्र मिटत चाललं आहे. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असत आणि कथिल-शिशाच्या डागानं जोडता येत. घरोघरची पितळी भांडी गेली, कल्हईची भट्टी थंडावली, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका कल्हईवाल्याच्या मुलानं तोच डाग रेडिएटरवर आणला आणि संसार चालवला. आता रेडिएटर अॅल्युमिनियमचे, टाक्या प्लॅस्टिकच्या. फुटला की फेकायचा. नवे रेडिएटर हलके आहेत, गाडी उत्तम थंड ठेवतात, हे कबूल. पण हातांत असलेलं एक ज्ञान त्यांच्याबरोबर निकामी झालं, याचीही नोंद इतिहासात राहायला हवी.

जुनी गाडी चालवणाऱ्या भावांना एवढंच सांगेन. गाडी तापली की बंद करा, निवू द्या. गरम झाकण उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर येतं. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका; हेड तडकतं. आणि रोज सकाळी, पहिला माल भरण्याआधी, झाकण उघडून पाणी बघा. काल भरलेलं आज कमी दिसलं, तर नुसतं पुन्हा भरून निघू नका. ते कुठं गेलं, हे आधी विचारा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)