तळटीप : वाड्यातली दुनळी

* दुनळी : बाहेरचे दोन घोडे आणि नळीवरची सापाच्या कातीसारखी नक्षी, या वर्णनावरून ही एकोणिसाव्या शतकातली असावी. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून जोडल्या की ती नक्षी उमटते. अशा नळ्या काळ्या दारूसाठीच्या. आजचे बारा बोअरचे काडतूस घातले तर फाटू शकतात.

बंदूक ठासणीची असेल तर तोंडासमोर उभे न राहता बाजूने गज आत सोडावा, नळीच्या तोंडापाशी खूण करावी आणि तोच गज बाहेरून लावून पाहावा. तो मागच्या टोकाच्या दोन-तीन बोटे अलीकडेच थांबत असेल, तर आत जुना बार आहे असे समजून जाणकाराला बोलवावे.

दिवाळीच्या साफसफाईत पॉलिश पेपर घासण्याचा उत्साहही आवरावा. कारागिराचे नाव, बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा (स्थापना १८१३) शिक्का पुसला की किंमत गेलीच.

‘पणजोबांची आहे, परवाना कशाला?’ हा समज चुकीचा. १९५९च्या शस्त्र अधिनियमातील कलम ४५ची सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्याराला आहे. चालू शकणारी बंदूक वारसाला परवान्याशिवाय ठेवता येत नाही. — संपा.