फुल-टाइम की पार्ट-टाइम? फोर-व्हील ड्राइव्हची गाडी निवडताना



आपल्या फ्रिस्कोचे रस्ते सपाट, सरळ आणि वर्षातले बरेच दिवस कोरडे. तरी सुट्टी लागली की कोणी कोलोरॅडोच्या बर्फात निघते, कोणी पाड्रे आयलंडच्या वाळूत. मग मोठी गाडी घेताना प्रश्न येतो, की चारही चाकांना कायम जोर देणारी गाडी घ्यावी की गरजेपुरती देणारी? त्यासाठी ही थोडी माहिती.

मूळ फरक

वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात, म्हणजे जास्त अंतर कापतात. सगळा फरक इथून सुरू होतो.

पार्ट-टाइम: एरवी गाडी मागच्या दोन चाकांवर चालते. फोर-हाय लावले की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधते आणि दोन्ही एकाच वेगाने फिरतात. चिखलात किंवा वाळूत चाके थोडी घसरून अंतराचा हिशेब जुळवतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, त्यामुळे ताण यंत्रणेवर येतो. स्टिअरिंग जड होते, पार्किंगमध्ये वळताना गाडी अडखळते, आणि असेच चालवत राहिल्यास नुकसान होते. म्हणून कोरडा रस्ता लागला की परत टू-व्हीलवर यायचे. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत जोडायला घेतलेली विलीज जीप याच जातीची, आणि नाशिकला बनणारी फोर-बाय-फोर थारही. इथली रँग्लर मूळ स्वरूपात अशीच येते.

फुल-टाइम: यात पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये आणखी एक डिफरन्शियल असते. ते वेगातला फरक सामावून घेते, त्यामुळे कोणत्याही रस्त्यावर बिनधास्त चालवा. मात्र एक चाक अधांतरी फिरू लागले तर सगळा जोर तिथेच वाया जाऊ शकतो. म्हणून मधले डिफरन्शियल लॉक करायची सोय आहे का, हे जरूर विचारा. १९७० ची रेंज रोव्हर या पद्धतीची. २०२४ पासून अमेरिकेत परत आलेली लँड क्रूझरही फुल-टाइम आहे आणि तिला हे लॉक आहे.

नाव एक, यंत्रणा वेगळी: २०१० ते २०२४ च्या टोयोटा फोररनरमध्ये फोर-व्हील एसआर५ पार्ट-टाइम, तर लिमिटेड फुल-टाइम. वापरलेली गाडी घेताना हे तपासा.

मधला मार्ग: ब्रॉन्को आणि रँग्लरच्या काही प्रकारांत 'ऑटो' पर्याय मिळतो. त्यात पुढच्या चाकांना गरजेनुसार आपोआप जोर मिळतो.

ऑल-व्हील ड्राइव्ह वेगळे: सुबारू, सीआर-व्ही, रॅव्हफोर बर्फाळ डांबरी रस्त्याला उत्तम, पण त्यांत लो-रेंज गिअर नसतो. खडकाळ चढ-उतार हळूहळू पार करायला तो लागतो.

कोणी काय घ्यावे?

• शाळा, ऑफिस आणि वर्षातून एकदा स्कीइंग: ऑल-व्हील ड्राइव्ह पुरे.
• रस्ता घडीत ओला, घडीत कोरडा, घडीत बर्फाचा, आणि घरात दोघे-तिघे चालवणारे: फुल-टाइम. कोणता गिअर कधी, ही आठवण ठेवावी लागत नाही.
• पाड्रे आयलंडला पाच मैलांच्या पुढची वाळू, कोलोरॅडोचा १२,८०० फुटांवरचा इंजिनिअर पास: लो-रेंज असलेली कोणतीही. पार्ट-टाइम यंत्रणा साधी आणि दणकट असते.
• आपल्याकडची काळी माती पावसात थेट गावाकडच्या काळ्या रानासारखी चिकटते. तिथे यंत्रणेइतकेच टायर महत्त्वाचे.

सांभाळ

पार्ट-टाइम गाडी दर महिन्याला काही मैल, ओल्या किंवा कच्च्या सरळ रस्त्यावर, फोर-व्हीलमध्ये चालवा म्हणजे आतले वंगण सगळीकडे पोचते. फुल-टाइम आणि ऑल-व्हीलमध्ये चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. भाड्याची गाडी कच्च्या रस्त्यावर नेण्याआधी करार वाचा. बहुतेक ठिकाणी त्याला मनाई असते.

सर्वांत महत्त्वाचे

फोर-व्हील ड्राइव्ह गाडी पुढे नेते, थांबवत नाही! ब्रेक प्रत्येकच गाडीला चार चाकांना असतात, आणि बर्फाच्या काचेवर सगळ्या सारख्याच घसरतात. ११ फेब्रुवारी २०२१ च्या सकाळी फोर्ट वर्थजवळ आय-३५ डब्ल्यूवर गोठलेल्या रस्त्याने १३० हून अधिक गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि सहा जणांचा जीव गेला. कोलोरॅडोतही आय-७० च्या डोंगराळ भागात, मॉरिसन ते डॉटसेरो, १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात फोर-व्हील गाडीच्या टायरलासुद्धा किमान ३/१६ इंच खाच लागते. तेव्हा बजेट ठरवताना चांगल्या टायरचे पैसे आधी बाजूला काढा, आणि नॉर्थ टेक्ससमध्ये रस्ते गोठले असतील त्या दिवशी गाडी कोणतीही असो, घरीच थांबा.

शुभ प्रवास!