धातूलाही येतो थकवा

लोखंडाची तार नुसती ओढून तुटत नाही. पण तीच तार एका जागी पुन्हा पुन्हा वाकवली, तर थोड्याच वेळात तिचे दोन तुकडे होतात. यंत्रांच्या भागांबाबतही असेच घडते. एका वेळी सहज पेलता येईल असा भार लाखो वेळा येत-जात राहिला, की धातूत सूक्ष्म तडा पडतो, तो हळूहळू वाढतो आणि एके दिवशी तो भाग अचानक तुटतो. धातुशास्त्रात या प्रक्रियेला 'धातूचा थकवा' असे म्हणतात.

रेल्वेच्या आसापासून सुरुवात

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा आस तुटला. डब्यांनी पेट घेतला आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. सततच्या हादऱ्यांनी लोखंडाची तंतुमय रचना बदलते व ते ठिसूळ होते, असा त्या काळी समज होता. स्कॉटलंडचे अभियंता विल्यम रँकिन यांनी तुटलेल्या आसांचा अभ्यास करून तो खोडून काढला. आसाची जाडी जेथे एकदम बदलते, त्या कोपऱ्यातून तडा सुरू होऊन आत सरकत जातो, हे त्यांनी दाखवून दिले.

पुढे जर्मन अभियंता ऑगस्ट वोलर यांनी १८७० पर्यंत आसांवर पद्धतशीर प्रयोग केले. भार जितका कमी, तितकी अधिक आवर्तने धातू सोसतो आणि ठरावीक मर्यादेखालील भाराने पोलाद सहसा तुटत नाही, असे त्यांना आढळले. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंना मात्र अशी स्पष्ट मर्यादा नसते. विमाने प्रामुख्याने याच मिश्रधातूंची बनू लागल्यावर हा फरक जीवघेणा ठरला.

'कॉमेट'चा धडा

ब्रिटनचे 'कॉमेट' हे प्रवासी जेट विमान २ मे १९५२ रोजी नियमित सेवेत दाखल झाले. उंचावर हवा विरळ असल्याने या विमानात हवेचा दाब राखावा लागे. त्यामुळे प्रत्येक उड्डाणात विमानाचे धड किंचित फुगे आणि उतरताना पूर्ववत होई. १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ एक कॉमेट हवेतच फुटले व ३५ जण मरण पावले. ८ एप्रिल रोजी नेपल्सजवळ दुसरे कोसळून २१ जणांचा अंत झाला.

कारण शोधण्यासाठी फार्नबरो येथील संशोधन केंद्रात एका कॉमेटचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात पाण्याचा दाब वारंवार वाढवण्यात व उतरवण्यात आला. प्रत्यक्ष उड्डाणांतील १,२२१ आणि टाकीतील १,८३६ अशा एकूण ३,०५७ आवर्तनांनंतर ते फाटले. पत्र्यातील कटावाच्या कोपऱ्याजवळ, रिव्हेटच्या छिद्राशी तडा सुरू झाला होता. कापडाचा दुकानदार काठाला कातरीने लहानसा छेद देतो आणि मग कापड सहज फाटते, कारण सारा ताण त्या टोकाशी एकवटतो. कटावांचे कोपरे व छिद्रे धातूत हेच काम करतात.

तडा गृहीत धरून रचना

त्यानंतर विमानांचे पत्रे जाड झाले, खिडक्यांना अधिक गोलाई आली. पृष्ठभागावर बारीक पोलादी छर्‍यांचा मारा करून तडा पडण्यास विरोध करणारा दाब निर्माण करण्याची पद्धतही रूढ झाली. मात्र सर्वांत मोठा बदल विचारात झाला. धातूत तडा असणारच, असे गृहीत धरून तो किती वेगाने वाढेल याचे गणित मांडले जाते आणि तो धोकादायक होण्यापूर्वी सापडेल, अशा बेताने तपासणीचे वेळापत्रक आखले जाते. भारतीय रेल्वेतही रूळ व आस यांची श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासणी होते.

ही तपासणी चुकली, तर काय होते, हे ३ जून १९९८ रोजी जर्मनीत एशेडे येथे दिसले. वेगवान गाडीच्या एका चाकाची पोलादी धाव थकव्याने तुटली आणि १०१ जणांचा बळी गेला. तडा धावेच्या आतल्या बाजूने वाढत होता. बाहेरून चाक धडधाकट दिसत होते.