पुद्गल आणि मूलद्रव्य : पदार्थविचाराचा इतिहास

पाठशाळेत मुलाला शिकविले जाते की परमाणू अविभाज्य आहे. तेच मूल शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात वाचते की अणूत इलेक्ट्रॉन, प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात आणि अणूचे विभाजनही करता येते. या दोहोंपैकी खरे कोणते, असे त्याने घरी विचारले तर सहसा दोनच उत्तरे मिळतात. ग्रंथांत सारे विज्ञान आधीच सांगितलेले आहे, हे पहिले. परीक्षेत पुस्तकातले लिहावे आणि पाठशाळेतले पाठशाळेत ठेवावे, हे दुसरे. दोन्ही उत्तरांनी प्रश्न मिटतो, पण जिज्ञासा शमत नाही. मानवाने पदार्थाची ओळख कोणकोणत्या मार्गांनी करून घेतली, याचा इतिहास पाहिल्यास अधिक प्रामाणिक उत्तर सापडते.

जैन दर्शनाने विश्वातील सहा द्रव्यांत जड पदार्थाला 'पुद्गल' हे नाव दिले. जे एकत्र येते व विलग होते ते पुद्गल, अशी या शब्दाची परंपरागत फोड आहे. आचार्य उमास्वातींच्या (दिगंबर परंपरेत उमास्वामींच्या) तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गलाचे लक्षण स्पर्श, रस, गंध आणि वर्ण या चार गुणांनी केले आहे. स्पर्श आठ, रस पाच, गंध दोन आणि वर्ण पाच, असे हे एकूण वीस भेद होतात. पुद्गलाची परमाणू व स्कंध ही दोन रूपे तेथेच सांगितली आहेत. परमाणूंचा बंध स्निग्ध व रूक्ष या गुणांमुळे होतो. तो सरसकट कोणत्याही दोहोंत होत नाही, तर त्या गुणांच्या अंशांवर अवलंबून असतो.

आचार्य कुंदकुंदांच्या नियमसारात स्कंधांचे सहा प्रकार आहेत. पृथ्वीसारखे पदार्थ अतिस्थूल. तूप, पाणी, तेल हे स्थूल. ऊन व सावली हे स्थूल-सूक्ष्म, कारण ती दिसतात पण धरता येत नाहीत. डोळ्यांखेरीज इतर चार इंद्रियांनी कळणारे पदार्थ सूक्ष्म-स्थूल. त्यापुढे कर्मरूप होण्यास योग्य ते सूक्ष्म आणि त्याहूनही पलीकडचे अतिसूक्ष्म. पहिल्या दोन प्रकारांतील भेद परंपरेने फार मार्मिकपणे सांगितला आहे. दगड फोडला की तुकडे आपोआप जुळत नाहीत, पाणी विभागले तरी पुन्हा एक होते. स्थायू व द्रव यांतील फरक इतक्या सोप्या कसोटीने सांगणे, हे सूक्ष्म निरीक्षणाचेच फळ म्हटले पाहिजे.

इतरत्रही असाच विचार चालू होता. वैशेषिक दर्शनाने पृथ्वी, जल, तेज व वायू यांचे परमाणू मुळातच वेगवेगळे मानले, तर जैन मतानुसार परमाणूंची अशी जातिभिन्नता नाही. ग्रीसमध्ये एम्पिडोक्लीजने चार तत्त्वे सांगितली, डेमोक्रिटसने अविभाज्य कणांची कल्पना मांडली. अॅरिस्टॉटलने चार तत्त्वांना आपला आधार दिला आणि युरोपात त्यांचेच प्राबल्य दीर्घकाळ टिकले. या सर्व विचारांचे साधन इंद्रियानुभव व तर्क हेच होते. पदार्थ किती, हा प्रश्न अद्याप विचारला गेला नव्हता.

तो प्रश्न तराजूने विचारला. सतराव्या शतकातील व्हॅन हेल्माँट या विद्वानाचा प्रयोग १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्याने वाळवलेली २०० पौंड माती कुंडीत घालून ५ पौंडांचे विलोचे रोप लावले व पाच वर्षे त्यास केवळ पाणी दिले. झाडाचे वजन १६९ पौंडांवर गेले, माती मात्र अवघी दोन औंस घटली. यावरून झाड पाण्यापासूनच बनले, असा निष्कर्ष त्याने काढला. वजने बरोबर होती, निष्कर्ष चुकला. झाडाने हवेतून घेतलेला कार्बन डायऑक्साइड हिशेबात धरलाच गेला नव्हता. विशेष म्हणजे 'गॅस' हा शब्द रूढ करणारा मनुष्य हाच होय. पुढे १६६१ मध्ये रॉबर्ट बॉइलने चार तत्त्वांच्या जुन्या कल्पनेवर आपल्या ग्रंथातून कठोर टीका केली.

ही राहिलेली नोंद पूर्ण करण्याचे श्रेय फ्रान्सच्या आंत्वान लाव्हाझिएकडे जाते. सरकारी कर वसूल करणाऱ्या खाजगी मंडळीचा तो भागीदार होता. जमाखर्च जुळला पाहिजे, हा दंडक त्याने प्रयोगशाळेतही पाळला. १७७४ मध्ये त्याने बंद पात्रात कथील तापविले. कथिलाची भस्मरूप राख झाली, तरी पात्राचे एकूण वजन बदलले नाही. पात्र उघडताच हवा आत शिरली आणि तेव्हा वजन वाढले. धातूने पात्रातील हवेचाच काही भाग घेतला होता, हे त्यावरून दिसून आले. रासायनिक क्रियेत पदार्थ रूप बदलतो, पण एकूण वस्तुमान घटत वा वाढत नाही, हा नियम यातून दृढ झाला. पाणी हे मूलतत्त्व नसून संयुग आहे, हेही त्याने १७८३ मध्ये मांडले. ज्याचे अधिक साध्या पदार्थांत पृथक्करण होत नाही ते मूलद्रव्य, या व्याख्येनुसार १७८९ च्या ग्रंथात त्याने ३३ मूलद्रव्यांची यादी दिली. त्या यादीत प्रकाश व उष्णता यांचाही समावेश होता. प्रकाशाला पदार्थांत गणणारे केवळ प्राचीन भारतीयच नव्हते, हे यावरून ध्यानी येते. ८ मे १७९४ रोजी, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, कर वसुलीतील सहभागामुळे या शास्त्रज्ञाचा शिरच्छेद झाला.

यानंतर वर्गीकरणाला पक्का पाया मिळाला. लोहकीस व गंधक एकत्र केले तर ते मिश्रण होय. त्यातून चुंबकाने लोखंड वेगळे काढता येते. तेच तापविले की संयुग बनते, चुंबकाचा उपाय चालत नाही आणि घटकांचे प्रमाणही ठरलेले असते. पाण्यात हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे वजनी प्रमाण नेहमी १ : ८ असते. अशा ठराविक प्रमाणांचा उलगडा जॉन डाल्टनने १८०८ मध्ये अणुसिद्धांताने केला. १८६९ मध्ये मेंडेलीव्हने मूलद्रव्यांची सारणी रचून न सापडलेल्यांसाठी जागा रिकाम्या ठेवल्या. गॅलियम (१८७५), स्कँडियम (१८७९) आणि जर्मेनियम (१८८६) यांनी त्या भरल्या. आज ज्ञात मूलद्रव्यांची संख्या ११८ आहे.

अवस्थांबाबतही असेच घडले. वायू हे कायमचेच वायू, ही समजूत हळूहळू ढासळली. फॅरेडेने १८२३ मध्ये क्लोरिनचा द्रव केला, १८७७ मध्ये ऑक्सिजन द्रवरूप झाला आणि १९०८ मध्ये हेलियमही. स्थायू, द्रव व वायू हे पदार्थाचे प्रकार नसून तापमान व दाब यांनुसार बदलणाऱ्या अवस्था आहेत, हे सिद्ध झाले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळता येईल. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला, तेव्हा डाल्टनचा अणू अविभाज्य राहिला नाही. जैन दर्शनातील परमाणू मात्र व्याख्येनेच अंतिम अंश आहे. म्हणून शाळेतला अणू आणि पाठशाळेतला परमाणू यांत शब्दांचे साम्य आहे, वस्तूचे नाही. स्निग्ध-रूक्ष म्हणजेच धन व ऋण विद्युतभार, असे छातीठोकपणे म्हणण्यासही आधार नाही. आचार्यांनी पदार्थाचा विचार केला तो जीव व अजीव यांतील भेद जाणण्यासाठी, मोक्षमार्गाच्या संदर्भात. त्यांच्या ग्रंथांना रसायनशास्त्राचे प्रशस्तिपत्र लागत नाही.

मग भारतात प्रयोगाची परंपरा का खुंटली? आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात (खंड १९०२ व १९०९) पूर्वजांच्या धातुविद्येचा व रसविद्येचा मनःपूर्वक गौरव केला. त्याच ग्रंथात त्यांनी खंतही नोंदविली की जातिव्यवस्थेमुळे बुद्धिवंतांनी हातांचे काम सोडले आणि विचार व कारागिरी यांची फारकत झाली. स्वतः प्रयोगशाळेत राबणाऱ्या, बंगाल केमिकल हा कारखाना काढणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाचे हे मत सहज दुर्लक्षिण्यासारखे नाही.

तेव्हा मुलाला सांगावे की दोन्ही शिकवणी आपापल्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पाठशाळेत त्याने पुद्गलाचे वीस भेद मन लावून शिकावेत आणि शाळेच्या प्रयोगशाळेत तराजूचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. दोन्ही ठिकाणी त्याला मनापासून प्रश्न विचारू देणे, हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.