मुल्कोवालची बाटली आणि पेशीचे दार



कामगार चळवळीतला माणूस पेशीच्या आवरणावर काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मी दहावीला शाळा सोडली. पुढे जे वाचले ते इथे माटुंग्यात, सभा आटोपल्यावर, रात्रीच्या वेळी. परंतु या विषयाकडे मला पुस्तकाने नेले नाही. एका सोबत्याच्या मृत्यूने नेले. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका लहान कारखान्यात त्याच्या पायात गंजका पत्रा घुसला. इंजेक्शनसाठी साहेबाची चिठ्ठी लागे, आणि साहेब रजेवर होते. आठव्या दिवशी त्याची दातखीळ बसली, मग पाठ धनुष्यासारखी वाकली, आणि तो गेला. एवढ्याशा जखमेतून शिरलेले विष शरीरात नेमके काय मोडते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. उत्तर शोधताना आपल्याच मुंबईतल्या दोन प्रयोगशाळा मला भेटल्या. एक परळची, दुसरी कुलाब्याची.

परळची हकिकत आधी सांगतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी परळहून गेलेली लस टोचण्यात आली. त्या दिवशी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मेले.

ठपका परळवर आला. कार्बोलिक ॲसिड वगळून केवळ उष्णतेने लस निर्जंतुक करण्याची नवी रीत हाफकिन यांनी घेतली होती; तीच दोषी ठरली, आणि त्यांना पद सोडावे लागले. पण बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो पुरता निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट चौकशीतच पुढे आली होती. शिवाय उघडली तेव्हा बाटलीला वास नव्हता. महिनाभर आधी परळलाच तिच्यात जंतू शिरले असते, तर ती दुर्गंधीने भरली असती. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये ही बाजू मांडली, तेव्हा कुठे हाफकिन यांच्यावरचा कलंक धुतला गेला. चौकशी समित्या मीही पुष्कळ पाहिल्या आहेत. कागद पुढ्यात असतो. तो वाचायला कोणी तरी भांडावे लागते.

दोष कोणाचा हे असे ठरले. पण विष काय करते? जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी धनुर्वाताचा जंतू १८८९ सालीच वेगळा काढला होता. तरी या प्रश्नाचे उत्तर मिळायला आणखी शंभरएक वर्षे जावी लागली, कारण त्यासाठी आधी पेशीचे दार कसे उघडते हे कळायला हवे होते.

आपल्या मज्जापेशी एकमेकींना निरोप देतात तो रसायनाच्या रूपाने. हे रसायन अतिसूक्ष्म पिशव्यांत भरलेले असते. अशी एक पिशवी सुमारे ४० नॅनोमीटरची. पंचवीस हजार पिशव्या ओळीने मांडाव्यात, तेव्हा एक मिलिमीटर भरतो. रसायन असे ठराविक मापाच्या पुड्यांनीच बाहेर पडते, हे बर्नार्ड कॅट्झ यांनी १९५०च्या दशकात दाखवले. पिशवी पेशीच्या भिंतीला चिकटते, दोघींचे पडदे एक होतात, मध्ये भोक पडते आणि निरोप बाहेर जातो.

वाचायला हे सोपे वाटते. आमटीवरचे तेलाचे दोन थेंब जवळ आले की सहज एक होतात. मग पिशवी आणि भिंत का नाही? कारण दोन्हींचे पडदे दुहेरी असतात. स्निग्ध शेपट्या आत, पाण्याला धरून राहणारी डोकी बाहेर. दोन पडदे जवळ आले की मधला पाण्याचा पातळ थर हटायला तयार नसतो. तो हटवायला जोर लागतो. माझे वडील गिरणीत होते, म्हणून हा जोर मला सुताच्या भाषेत समजला. पिशवीवर प्रथिनाचा एक पदर असतो, भिंतीच्या बाजूने तीन. चौघांचा पीळ दूरच्या टोकापासून बसू लागतो आणि पिशवी भिंतीकडे ओढली जाते. आधी समोरासमोरचे थर मिसळतात, मग आतले, आणि दार उघडते.

काम झाल्यावर हा पीळ उलगडावा लागतो, नाही तर पुढच्या पिशवीला पदर उरत नाहीत. इथे कुलाबा येते. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ओबेद सिद्दीकी १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९७६ साली त्यांनी आणि कॅलिफोर्नियाच्या सीमोर बेंझर यांनी, पिकल्या केळ्यावर घोंघावतात त्या चिलटांच्या काही जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही चिलटे उष्णता वाढली की लुळी पडत. त्यांतली एक जात थंडावा मिळाल्यावरही बराच वेळ निपचित राही. तिचे नाव ‘कोमॅटोज’. तिच्यात काय बिघडले आहे, हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते. १९८८ साली अमेरिकेत जेम्स रॉथमन यांच्या प्रयोगशाळेने पडदे एक होण्यासाठी लागणारे एक प्रथिन वेगळे काढले. पेशीचे इंधन खर्चून पीळ उलगडणारा कामगार तो हाच, हे पुढे कळले. आणि १९९५ साली उमगले, की कोमॅटोज चिलटात बिघडलेला कामगारही तोच. कुलाब्यात के. एस. कृष्णन यांनी अशा चिलटांवरचे काम पुढे चालवले. रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ यांना २०१३ साली नोबेल मिळाले.

आता विषाकडे वळू. १९९२ साली इटलीच्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की धनुर्वाताचे विष ही एक कात्री आहे. ते मज्जातंतूतून चढत मेरुरज्जूपर्यंत जाते, स्नायूंना ‘थांब’ सांगणाऱ्या पेशींत शिरते आणि पिशवीवरचा तो एक पदर एकाच ठराविक जागी कापते. पिशव्या भिंतीपाशी उभ्या राहतात, पण पीळ बसत नाही. ‘चल’ हा हुकूम चालू, ‘थांब’ हा बंद. म्हणून पाठ धनुष्य होते. मुल्कोवालच्या १९ जणांचे आणि माझ्या सोबत्याचे मोडले ते एवढेच.

श्रोतेहो, यातून निघणारी गोष्ट साधी आहे. प्रतिविष रक्तातले विष पकडते. पेशीत शिरलेल्या विषापर्यंत ते पोहोचत नाही. कापलेला पदर कोणतेच औषध सांधत नाही. पेशीने नवा घडवेपर्यंत आठवड्यांमागून आठवडे जातात, आणि तोवर रोग्याचा श्वास टिकवावा लागतो. म्हणून लस आधीच घेतलेली असली पाहिजे. बाळंतिणी आणि नवजात बालके यांच्यापुरते हे आपण करून दाखवले आहे. २०१५ साली भारतात त्यांच्यातला धनुर्वात आटोक्यात आल्याचे जाहीर झाले. प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जन्मांमागे एकाहून कमी. पण पत्रा कापणारा, गटार उपसणारा, पाया खणणारा मोठा माणूस कोणाच्या वहीत आहे? त्याला दर दहा वर्षांनी एक टोचणी हवी.

उद्या आपल्या घरी कामाला येणाऱ्याला, आपल्या हाताखाली राबणाऱ्याला एवढेच विचारा : शेवटचे इंजेक्शन कधी घेतलेस? नसेल घेतले तर त्याला दवाखान्यात पाठवा, आणि त्या दिवसाची मजुरी कापू नका. चिठ्ठीची वाट पाहायला लावू नका. पेशीतली ती कात्री साहेबाच्या रजेसाठी थांबत नाही.