रुईची काडी, बंद पडलेले मूत्रपिंड आणि १९७१चा कायदा

गिरगावातल्या फणसवाडीतून चौपाटीवरचे विल्सन कॉलेज पायी गाठता येते. तेथे गणित शिकवणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि पुढे याच कार्यापायी प्राध्यापकीवर पाणी सोडले. समाजाला त्यात केवळ अनीती दिसली. नको असलेल्या गर्भापायी स्त्रिया जिवानिशी जात होत्या, तिकडे फारसे कोणी पाहिले नाही. (१/७)

१८६०च्या भारतीय दंडसंहितेचे कलम ३१२ गर्भपाताला गुन्हा ठरवी. अपवाद एकच : स्त्रीचा जीव वाचवण्याचा. गर्भपात करून घेणारी स्त्रीही गुन्हेगारच. मग उरे ते चोरून केलेले उपाय : रुईची काडी, चित्रकाचे मूळ. न्यायवैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत यांची नोंद आढळते. (२/७)

आता मूत्रपिंडाकडे वळू. गर्भाशयाला इजा होते, जंतू रक्तात शिरतात, रक्तस्राव होतो, रक्तदाब कोसळतो. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना रक्त पुरत नाही. त्या मरतात आणि लघवी बंद होते. नलिका दोन-तीन आठवड्यांत पुन्हा उगवू शकतात, मात्र तोवर रुग्णाला जगवावे लागते. मूत्रपिंडाचा बाह्य थरच मेला, तर तो बहुधा परत येत नाही. उशीर येथेच घात करी, आणि पोलिसांच्या धाकाने उशीर हमखास होई. (३/७)

मधले आठवडे तारून नेणारे यंत्र विलेम कोल्फ यांनी १९४३ साली जर्मनव्याप्त नेदरलँड्समध्ये घडवले. भारतात मात्र डायलिसिस दीर्घकाळ मोजक्या शहरांपुरतेच राहिले. परळच्या केईएम रुग्णालयात मूत्रपिंडविकार विभागाचे नेतृत्व डॉ. विद्या आचार्य यांनी केले आणि या शाखेचे देशातील अगदी सुरुवातीच्या अभ्यासक्रमांपैकी एक तेथे उभा केला. (४/७)

यंत्राइतकेच, किंबहुना अधिक, काम एका कायद्याने केले. १९६४ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. समितीचा अहवाल १९६६च्या अखेरीस आला; १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. (५/७)

परिणाम चंदीगडच्या पीजीआय संस्थेच्या नोंदींत दिसतो. मूत्रपिंड अचानक निकामी झालेल्या तेथील रुग्णांत गर्भारपण-बाळंतपणाशी संबंधित प्रमाण १९६५-७४ या काळात सुमारे २२ टक्के होते. १९८१-८६ मध्ये ते सुमारे ९ टक्क्यांवर आले. दवाखान्यातील बाळंतपणे वाढली, हेही त्यामागचे एक कारण. परंतु कायदा झाला नसता तर काडी हातची सुटली नसती, हे उघड आहे. (६/७)

कायद्याने गर्भपातासाठी नोंदणीकृत डॉक्टर आणि मान्यताप्राप्त जागा या अटी घातल्या. गिरगाव-परळला त्या सहज पुऱ्या होत; दुर्गम तालुक्यात नव्हे. शिवाय प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आणि गर्भारपणातला वाढता रक्तदाब यांवर या कायद्याचा इलाज नव्हताच. गरिबांसाठी जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ साली जाहीर झाला. पाड्यावरून जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत लागणारे तास अजूनही त्या बाईच्याच हिशेबात धरले जातात. (७/७)