हिशेबाची वही आपल्या हातात का नको?

जालन्यात वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींकडून आम्ही एक वाक्य नेहमी ऐकतो. व्यवस्थापकीय अर्थशास्त्र हा शेठलोकांचा विषय, आपण तो पास होण्यापुरता वाचायचा. मागणीची लवचिकता, सीमांत खर्च, ना नफा ना तोटा बिंदू हे सगळे कारखाना ज्याचा त्याच्या कामाचे. चळवळीतले काही जाणते कार्यकर्तेही म्हणतात, की हा भांडवलदारांचा अभ्यास आहे. आमचे म्हणणे असे, की हा समज इतिहासाला धरून नाही. आणि तो टिकून राहण्यात फायदा कोणाचा, हेही विचारले पाहिजे.

हा विषय नेमका काय आहे? साधने थोडी आणि पर्याय अनेक असताना उत्पादनाचा निर्णय कसा घ्यायचा, याचे हे शास्त्र. जोएल डीन यांच्या 1951 च्या पुस्तकाने हा विषय या नावाने रूढ झाला. डीन कोलंबिया विद्यापीठात शिकवत. त्याच विद्यापीठात 1913 ते 1916 या काळात बाबासाहेब अर्थशास्त्र शिकले. आणि डीन यांच्या पुस्तकाच्या 33 वर्षे आधी, 1918 मध्ये, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यात या विषयाचा गाभा आहे.

तेव्हा सरकारी अधिकारी म्हणत होते, शेतीचे तुकडे फार लहान झालेत, ते जोडून मोठे करा. बाबासाहेबांनी विचारले, लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान? ज्या जमिनीवर एक कुटुंब सुखाने जगेल ती किफायतशीर जमीन, अशी अधिकाऱ्यांची व्याख्या होती. बाबासाहेबांनी ती मोडून काढली. शेती हा उद्योग आहे. तो खाणाऱ्या तोंडांवरून नव्हे, उत्पादनावरून मोजावा लागतो. जमिनीच्या जोडीला माणसे, बैल, अवजारे आणि भांडवल किती, यावर तिचा योग्य आकार ठरतो. भोकरदनच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे एकच बैलजोडी असेल आणि त्याला दुप्पट जमीन दिली, तर पीक दुप्पट होत नाही. शेतीवर रिकामे बसलेले हात उद्योगात न्या, म्हणजे शेतीचाही प्रश्न सुटेल, हा त्यांचा उपाय. आज पुस्तकात ‘उत्पादन घटकांचे प्रमाण’ म्हणून जे शिकवतात, ते हेच.

याच सुमारास मुंबईत बाबासाहेबांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सुरुवातीला गिऱ्हाईक आले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच ते यायचे थांबले. सल्ला तोच होता, पण जात कळली आणि मागणी संपली! गिऱ्हाईक फक्त किंमत आणि दर्जा बघते असे पाठ्यपुस्तक सांगते. या देशात ते जातही बघते.

नोव्हेंबर 1918 मध्ये ते सिडनहॅम या सरकारी वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. दुसऱ्या महाविद्यालयांतले विद्यार्थीही त्यांची व्याख्याने ऐकायला येत. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी त्यांनी प्यायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. म्हणजे ज्या वर्गाला आपली मुले ‘शेठलोकांचा’ म्हणतात, त्याच वर्गासमोर बाबासाहेब शिक्षक म्हणून उभे होते. 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावर त्यांना डी.एस्सी. मिळाली.

आता आपल्या मराठवाड्याकडे या. निजामाच्या राज्यात आपल्याकडे विद्यापीठ नव्हते. महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली. 1950 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ झाले. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या, माणसे मारली गेली. 14 जानेवारी 1994 रोजी बाबासाहेबांचे नाव लागले. जालना जिल्ह्यातली महाविद्यालये याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. आपल्या पदवीच्या कागदावरचे नाव इतके महाग पडले आहे. त्या कागदावरचा विषय मग आपण गाईड वाचून का संपवायचा?

आणि जालन्यात तर या विषयाची उदाहरणे रस्त्यावर पडली आहेत. 1900 च्या सुमारास रेल्वे आली. ‘जालना सोने का पालना’ असे म्हणवणाऱ्या या बाजारपेठेत पुढे बियाण्यांचा धंदा वाढला (महिकोची स्थापना 1964 ची) आणि सळईचे कारखाने उभे राहिले. भट्टीजवळ कोण उभा असतो आणि केबिनमध्ये कोण बसतो, हे सांगायला नको. पुस्तकात कंत्राटी मजुराचे नाव ‘बदलता खर्च’. मागणी घटली की पहिला कापला जातो तो हाच खर्च.

अंबड, घनसावंगी, मंठ्यातून ऊसतोडीला जाणारा कोयता घ्या. कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधी मुकादम उचल देतो, फड सुरू झाल्यावर टनाच्या हिशेबाने ती फिटत जाते. पाऊस आला, आजारपण आले, कारखाना लवकर बंद पडला, तर बाकी कोयत्याच्या अंगावर राहते. धंद्याची जोखीम कारखान्याकडून मजुरावर ढकलण्याची ही रीत आहे. ती कागदावर मांडून दाखवील असा विद्यार्थी आपल्या वस्तीत नसेल, तर मुकादमाची वही हेच शेवटचे सत्य राहील.

कोणी म्हणेल, हे शिकून आपली पोरे मालकाचीच चाकरी करतील. काही करतीलही. पण 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढणारे आणि 1942 ते 1946 मजूरमंत्री असणारे बाबासाहेब हेच अर्थशास्त्रज्ञ होते. अर्थशास्त्र बाजूला ठेवून त्यांनी लढा दिला नाही, ते हातात घेऊन दिला.

म्हणून मित्रांनो, प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ आली की तयार प्रकल्प विकत आणू नका. एका कोयत्याचा हंगामाचा हिशेब मांडा. मोसंबीची बाग झाडावरच व्यापाऱ्याला देताना शेतकऱ्याच्या हाती काय राहते, ते मांडा. सळईच्या कारखान्यातल्या एका पाळीची मजुरी मांडा. पाठ्यपुस्तकात जात नाही, ती तुम्ही लिहा. सरकारी विद्यापीठ आपल्या माणसांनी लढून मिळवले आहे. त्याचे व्याज अजून वसूल व्हायचे आहे.

जय भीम!